नाशकात जुन्या वस्तू बघायला घरच्यांना कुठे न्यावं?

कॉलेजरोडची सून:
नमस्कार मंडळी, सासूसासरे आलेत नि सगळ्यांना जुन्या बाजारात फिरायचंय, पण प्रत्येकाचं भलतंच. सासूबाईंना पितळी घंगाळ, मुलाला नाणी, ह्यांना भोंग्याचा ग्रामोफोन (ठेवणार कुठे ते विचारू नका). पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन चोरबाजार करावा असं ह्यांचं म्हणणं, पण सासऱ्यांचे गुडघे बघता मला जरा धाकधूक वाटते. नाशकातच काही आहे का? आणि जुनं म्हणून नवं गळ्यात मारतात ते ओळखायचं कसं?

बोहोरपट्टीकर:
ताई, आपल्याकडे चोरबाजारासारखं काही नाही, उगाच कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पण भांडी बाजार आहे ना! लोक घरातली पितळ-तांब्याची भांडी मोडीत घालतात, त्यामुळे दुकानात शिरल्या शिरल्या "मोडीतलं काही चांगलं आलंय का" एवढंच विचारायचं, शोकेसमधलं चकचकीत बघतच बसायचं नाही. नशिबात असेल तर घंगाळ, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, अडकित्ता, काय वाट्टेल ते निघतं. भाव शक्यतो वजनावर ठरवा, "अँटिक आहे" म्हटलं की भाव वाढलाच समजा. हाताने घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा सारख्या नसतात आणि बऱ्याच जुन्या हंड्या-कळश्यांना दातेरी सांधा दिसतो, तो नखाने चाचपून बघा. पाणी ओतून बघायला लाजू नका, बुडाला झाळलेलं असेल तर तिथूनच झिरपतं. गाडी आत नेऊ नका हो, रविवार कारंजापर्यंत रिक्षाने या नि पुढे चालत, सासऱ्यांना कुठल्यातरी दुकानात स्टूल मिळेलच.

आणेपैसे:
मुलाच्या नाण्यांबद्दल सांगतो. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८, असलं कोणी दाखवलं तर सरळ पुढे व्हा, कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा, फार झिजलेला नसेल तर वजन जवळपास तेवढं भरायला हवं, आणि लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला. १८७७ च्या आधीच्या रुपयावर क्वीन आणि नंतरच्यावर एम्प्रेस असतं, पोराला हे शोधायला लावा, मग तो तासभर तुम्हाला त्रास देत नाही. खरेदीच्या आधी त्र्यंबक रोडला अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम दाखवून आणा, उघडं आहे का ते फोन करून विचारा मात्र. खरी नाणी डोळ्याखालून गेली की खोटी आपोआप खटकायला लागतात.

ग्रँटरोडचा जावई:
चोरबाजाराला जाणारच असाल तर शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुना माल मांडतात पण नाशिकहून पहाटे पोचणार कसं? मटण स्ट्रीटवर ग्रामोफोन भरपूर, त्यातले बरेचसे जुनी मोटर, नवी पेटी, नवा पितळी भोंगा असे जुळवलेले. शोभेला चालतील, पण साहेबांना सांगा, आधी रेकॉर्ड पूर्ण वाजवून घ्यायची, अर्ध्यातच चाल मंदावली तर स्प्रिंग गेलीये. आणि जुनी देवाची मूर्ती कोणी हळूच दाखवली तर हात लावू नका, १०० वर्षांपुढच्या मूर्तीला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, बिनकागदाची मूर्ती घेतली तर नसतं झेंगट मागे लागेल.

कॉलेजरोडची सून:
आभार सगळ्यांचे! ठरलं मग, सासूबाई नि मी भांडी बाजार, बापलेक अंजनेरी. ग्रामोफोन तूर्त रद्द, हे फुगून बसलेत. बाकी तिकडेच कोणी कल्हई करून देतं का, सासूबाई तीन पातेली घेऊन निघाल्यात.

बोहोरपट्टीकर:
तांबट लेनला विचारा, पण पातेली चिंचेने घासून न्या, काळी बघितली की जास्त सांगतात.