मदत हवी आहे : स्ट्रायकरविना ४-६-० खेळवतो, पण गोल होत नाहीत

होटगीरोड_११ :
फुटबॉल मॅनेजर या संगणकावरील खेळात मी एकही स्ट्रायकर (सर्वांत पुढचा आक्रमक) न ठेवता ४-६-०, म्हणजे चार बचावपटू आणि त्यांच्यापुढे सहा मध्यरक्षक, अशी रचना खेळवत आहे. चेंडू बहुतेक वेळ आमच्याच पायाशी असतो, तरी गोल होत नाहीत, आणि समोरचा संघ दोन लांब पास देऊन गोल करून जातो. संचालक मंडळाने शेवटचा इशारा दिला आहे. रचना बदला हे उत्तर नको. याच रचनेत काय सुधारावे, ते कृपया लवकर सांगावे.

सातरस्ता :
आवृत्ती कोणती? सहा जण कोणत्या ओळीत उभे केले आहेत, त्यांच्या भूमिका काय? फुटबॉल मॅनेजर २६ मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना वेगवेगळी ठरवता येते, २४ मध्ये तशी सोय नाही.

पूर्वभागकर :
सरळ ४-२-३-१ लावावे, त्यात पुढे एक स्ट्रायकर असतो. माझा संघ त्यावरच वरच्या श्रेणीत गेला.

होटगीरोड_११ :
तेच नको म्हटले आहे. आवृत्ती अर्थातच २४. दोन जण मध्यरक्षणात, चौघे पुढच्या ओळीत, सर्वांना काम सपोर्टचे, म्हणजे साथ देण्याचे.

जुळेकर :
स्पेनने २०१२ चा युरो स्ट्रायकरविनाच जिंकला, त्यामुळे दोष रचनेचा नाही.

पूर्वभागकर :
संपूर्ण स्पर्धा तशी खेळली गेली नाही. इटलीविरुद्ध सलामीला आणि अंतिम सामन्यात मध्यरक्षक फाब्रेगास पुढे होता, हे मान्य; पण आयर्लंडविरुद्ध तोरेस आणि पोर्तुगालविरुद्ध नेग्रेदो हे स्ट्रायकर सुरुवातीपासून होते, शिवाय अंतिम सामन्यात तोरेसने बदली खेळाडू म्हणून येऊन गोलही केला.

सातरस्ता :
चौघेही सपोर्टवर असतील, तर बचावफळीच्या मागे धावणारा कोणीच उरत नाही. सगळे पायात पास मागत उभे राहतात. मधल्या दोघांना शॅडो स्ट्रायकर (मागून गोलकडे धावणारा) करावे, त्या भूमिकेला काम अटॅकचेच, म्हणजे आक्रमणाचेच असते. दुसरे म्हणजे, २४ मध्ये डावपेचांच्या पटावर जी जागा दिली जाते, तीच साधारणतः बचावातली जागा ठरते. चौघे पुढच्या ओळीत असल्यामुळे फुलबॅकसमोर (कडेच्या बचावपटूसमोर) कोणी राहत नाही आणि लांब पास तिथेच पडतात. कडेच्या दोघांना एक ओळ मागे घ्यावे.

होटगीरोड_११ :
ते मागे आले, तर शॅडो स्ट्रायकरना पास कोण देणार?

सातरस्ता :
मध्यरक्षणातला एक जण. तिथे कोणत्या भूमिका आहेत, हे अजूनही सांगितलेले नाही.