मदत हवी आहे: निफ्टी वर गेला, तरी कॉलचा भाव पडला कसा?

नमस्कार मंडळी,

राहायला फोंड्यात. शेअर्समधलं थोडंफार कळतं, एसआयपी चालू आहेत, पण ऑप्शन्समधलं ओ की ठो कळत नाही. मडगावचा मावसभाऊ सध्या त्यातच बुडालाय आणि मलाही ओढतोय. पैसे घालण्याआधी समजून घ्यायचंय.

आतापर्यंत डोक्यात शिरलं ते असं: कॉल घेणं म्हणजे विसार देऊन जागा अडवून ठेवणं. ठरल्या भावाने घ्यायचा हक्क मिळतो, सक्ती नाही. नाही जमलं तर विसार, म्हणजे प्रीमियम, गेला. त्यापलीकडे तोटा नाही. पुट म्हणजे तसाच विकायचा हक्क.

घोळ पुढे आहे. आकडे गोल करून सांगतो. शुक्रवारी निफ्टी २५,००० वर असताना मावसभावाने मंगळवारच्या एक्स्पायरीचा (म्हणजे मंगळवारी मुदत संपणारा) २५,१५० चा कॉल ५० रुपयांना घेतला. ६५ चा लॉट (एकगठ्ठाच घ्यावा लागतो), म्हणजे ३,२५० रुपये. सोमवारी निफ्टी ६० अंकांनी वर आणि कॉल ३० वर! त्याच्या मते हा 'ऑपरेटरांचा खेळ', म्हणजे भाव हवे तसे फिरवणाऱ्या बड्या मंडळींचा. मला पटत नाही. नेमकं काय झालं? आणि विकणारेच कमावतात म्हणतात, ते खरं का?

मांडवीकाठ:
ऑपरेटर बिचारे उगाच बदनाम. निफ्टी २५,०६० ला असताना २५,१५० ला घ्यायच्या हक्काची आजची किंमत शून्यच. मग ते ३० रुपये कसले? उरलेल्या वेळेचे. उद्यापर्यंत उसळी येईल या आशेचे. शुक्रवारी ही आशा तीन-चार दिवसांची होती, सोमवारी एकाच दिवसाची उरली. एक्स्पायरी जवळ आली की ही झीज (थीटा म्हणतात ती) वेगाने होते. त्यात बाजार शांत झाला, इंडिया व्हिक्स (पुढे किती चढउतार अपेक्षित आहेत त्याचं माप) उतरला, तर प्रीमियम आणखी सुकतो. भावाला एक्स्पायरीला फायदा हवा तर निफ्टी २५,२०० च्या वर बंद व्हायला हवा, खर्च वेगळाच. नुसती दिशा बरोबर येऊन भागत नाही, वेळेत यावी लागते.

विकणाऱ्याला जास्तीत जास्त ते ५० रुपयेच मिळतात. उलट निफ्टी पाचशे अंक उसळला तर कॉल विकणाऱ्याच्या तोट्याला वरची मर्यादा नाही, म्हणून त्याच्याकडून भरपूर मार्जिन (तारण म्हणून ठेवायची रक्कम) घेतात. तीन हजारांत ते होत नाही.

सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा) सप्टेंबर २०२४ चा अहवालही भावाला वाचायला दे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला.

धागाकर्ता:
आभार! आता जरा उजेड पडला. शेअर्सच्या ऑप्शन्सनाही हेच लागू का?

मांडवीकाठ:
झीज तीच. पण निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो, शेअरचा नाही. फायद्यातला कॉल एक्स्पायरीपर्यंत ठेवलास तर पूर्ण लॉटचे शेअर्स घ्यावे लागतात, म्हणजे काही लाख रुपये तयार हवेत. एक्स्पायरीच्या आधीच बाहेर पड.