अनुभव धागा : आडवळणाचं हिप-हॉप ऐकताना तुम्ही नेमकं काय ऐकता?

पश्चिमेकडचा वारा (धागाकर्ता)
हा धागा लग्नाच्या वरातीत न वाजणाऱ्या हिप-हॉपसाठी. ध्रुवपद नाही, ठेका मध्येच मोडतो, गाणं सुरू झालं म्हणेस्तोवर संपतं, असलं. आपल्यापैकी बहुतेकांचं इंग्रजी शाळा-कॉलेजातलं. न्यूयॉर्कच्या गल्लीतली बोली पहिल्या ऐकण्यात डोक्यावरून जाते, हे धरूनच बोलू. मग आपण ऐकतो ते काय? अल्बमचं नाव आणि साल सांगा. नसेल आवडला तर तेही. "भारी आहे, ऐकाच" एवढंच लिहून पळू नका.

सुरुवात मी करतो. ‘मॅडव्हिलनी’ (२००४), रॅपर एमएफ डूम आणि त्याच्यामागचं संगीत रचणारा मॅडलिब. बावीस तुकडे, पाऊण तासात खेळ खल्लास. प्रकाशनाच्या वर्षभर आधीच याचा कच्चा खर्डा इंटरनेटवर फुटला होता. त्यात डूमचा आवाज चढा आहे. नंतर त्याने तो खाली आणून पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन्ही पाठोपाठ लावून बघा. ओळी बऱ्याचशा त्याच, पण चढ्या आवाजातला माणूस बढाई मारतोय असं वाटतं आणि उतरलेल्या आवाजातला खरंच काहीतरी करून बसेल असं. हे कळायला मला एकही शब्द लागला नाही.

प्रतापनगर, मागची खोली
मी घरी बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत, बनवतो, त्यामुळे रॅपरपेक्षा माझं लक्ष मागच्या माणसाकडे. ‘मॅडव्हिलनी’च्या कितीतरी बीट मॅडलिबने ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत बनवल्या. जवळ एक सुटकेसएवढा रेकॉर्ड प्लेयर, एक छोटा सॅम्पलर (आवाजाचे तुकडे कापून वाजवायचं यंत्र) आणि कॅसेट डेक. सॉफ्टवेअरच्या नावाने रडणाऱ्या मित्रांना मी हे ऐकवत असतो.

पण मला बोलायचंय त्याच्या ‘बीट कंडक्टा इन इंडिया’बद्दल (२००७). आपल्या सिनेमांच्या जुन्या रेकॉर्डी कापून केलेला अल्बम. तिकडच्या लोकांना तो मोकळा, हवेशीर वाटत असेल. मला बेचैन करतो. कारण तुकडा ओळखीचा निघाला की माझा कान आपोआप अंतऱ्याकडे चालायला लागतो आणि मॅडलिब त्याला तिथल्या तिथे फिरवत ठेवतो. पुढे जाऊच देत नाही. ही अस्वस्थता त्याने मुद्दाम घातलेली नसणार, ती फक्त आपल्यालाच मिळते. मला ती हवीहवीशी वाटते. आईला नाही. ती स्वयंपाकघरातून उरलेलं गाणं पूर्ण करते.

तर्री वेगळी द्या
शब्द कोण ऐकते बे? ‘द मनी स्टोर’ (२०१२), डेथ ग्रिप्स. त्यायचा रॅपर रायड बोंबलून राहिला, झॅक हिल ड्रमवर जीव काढून राहिला, आन् तुम्ही अर्थ विचारून राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीत मारबत निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", तवा कोणी व्याकरण पाहते का? तसंच हाय हे. आतली घाण भायेर. त्याच सालच्या ऑक्टोबरात यायनं पुढचा अल्बम कंपनीले न जुमानता इंटरनेटवर फुकट सोडून देल्ला. मले तेवढं पुरे.

मंडपवाला
माझा साउंडचा धंदा आहे. जयंती, गणपती, आमसभा, सगळं करतो. आमच्या धंद्यात एकच कायदा : माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर. तो खाली गेला की समोरून कागदाचे बोळे येतात. डायलेक या हिप-हॉप गटाचा ‘ॲब्सेन्स’ (२००५) हा कायदा उघड मोडतो. गिटारसारख्या घरघरीची भिंत, आणि बोलणारा त्या भिंतीच्या आत. पहिली दोन-तीन गाणी म्हटलं वा, हिंमत आहे. पुढे मात्र सगळं एकाच पातळीवर. कुठे भिंत पाडायची, कुठे एखादी खिडकी ठेवायची, हा विचार कमी पडलाय. गोंगाटालाही चढउतार लागतो.

खापरी लाईन
‘सम रॅप साँग्ज’ (२०१८), अर्ल स्वेटशर्ट. जेमतेम पंचवीस मिनिटं. खापरीहून मेट्रोत बसलं की बर्डी येईपर्यंत जवळजवळ संपतो. आवाज धुरकट, बीट अडखळणारी, अर्ल पुटपुटल्यासारखा बोलतो. मी तो मूड म्हणूनच ऐकायचे.

अल्बमच्या शेवटाकडे मात्र त्याचा आवाज थांबतो आणि दुसरेच दोघं बोलू लागतात. एक बाई भाषणात आभार मानतेय, एक पुरुष कविता वाचतोय, एकाआड एक. ते त्याचे आईवडील. वडील म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे कवी केओरापेत्से खोसित्सिले. २०१८च्या जानेवारीत ते गेले, अल्बम नोव्हेंबरात आला. त्यानंतरचं गाणं त्या मृत्यूबद्दल आहे, आणि सगळ्यात शेवटी रॅपच नाही, ट्रम्पेटवादक ह्यू मसेकेलाच्या संगीतावर उभा केलेला तुकडा आहे. मसेकेला वडिलांचे मित्र, तेही त्याच महिन्यात गेले. हे सगळं मी नंतर वाचलं. पण आवाजांच्या क्रमावरूनच घरात काहीतरी घडलंय एवढं आधी कळलं होतं. आईबाप वेगळे राहिलेल्या कुणालाही ते दोन आवाज शेजारी ठेवलेले ऐकून कळेल, असं मला वाटतं. म्हणून ‘मूड’ या शब्दावर आता मी जरा चिडते.

इंदोरा
धागाकर्त्याशी माझं पटत नाही. शब्द न कळता ऐकणं ही चैन आहे. आम्ही वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलो. तिथे विचार शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत गेला नाही तर गाणं फुकट. त्यामुळे मी रॅपर बिली वूड्सचा ‘एथिओप्स’ (२०२२) शब्दांचा कागद समोर ठेवूनच ऐकतो. त्याचं बालपण काही काळ झिम्बाब्वेत गेलं. वसाहती, दलाल, सत्ता मिळाल्यावर बदललेली आपली माणसं, हे सगळं तो एका ओळीत कोंबतो आणि पुढच्या ओळीत घरगुती काहीतरी बोलतो. नुसता नाद ऐकणाऱ्याला यातलं काय मिळणार? आणि आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना घेऊन आरेचं जंगल आणि वारली आदिवासींवर जे केलं, ते ठेक्यावर नाही, मुद्द्यावर उभं आहे.

तर्री वेगळी द्या
दादा, चैन तं चैन. आपल्याले तेवढीच परवडते.

मंडपवाला
इंदोऱ्याच्या दादांना : वूड्सचा आवाज मिक्समध्ये सगळ्यांच्या वर बसवलाय, हेही ध्यानात घ्या. तुमच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो म्हणूनच जातो. डायलेकचं बोलणं राजकीयच आहे, फक्त ते उकरून काढावं लागतं. कागद घेऊन एकदा ‘ॲब्सेन्स’ लावा, मग भांडू.