अथेन्सची सभा आणि अंगवस्त्राची मर्यादा
प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये लाज ही केवळ घरगुती संस्कारांची बाब होती, हे मत मला पटत नाही. आईवडिलांना मारणारा, रणात ढाल टाकून पळालेला किंवा शरीरविक्रय केलेला नागरिक लोकसभेत, म्हणजे सर्व नागरिकांच्या सभेत, बोलायला उभा राहिला, तर त्याच्यावर खटला भरण्याची कायद्यातच तरतूद होती. इ.स.पू. 346-345 च्या सुमारास एस्किनीस या वक्त्याने तिमार्कस या राजकारण्यावर असाच खटला चालवला तेव्हा, तिमार्कसने सभेत अंगवस्त्र फेकले आणि व्यसनांनी खंगलेले ते शरीर पाहून सुज्ञांनी डोळे झाकले, हे एस्किनीसने आवर्जून सांगितले. जुन्या मर्यादेचा दाखला म्हणून त्याने अथेन्सजवळच्या सलामिस बेटावरचा, हात वस्त्रात ठेवलेला, जुना कायदेकर्ता सोलोन याचा पुतळा पुढे केला. तिमार्कसचे नागरी हक्क गेले. मला मात्र एस्किनीसचा प्रतिस्पर्धी वक्ता डेमोस्थेनीस याचे इ.स.पू. 343 मधले उत्तर फार मोलाचे वाटते: त्या पुतळ्याला अजून 50 वर्षेही झालेली नाहीत, आणि सोलोनला होऊन तर सुमारे 240 वर्षे लोटली; म्हणजे तो पुतळा सोलोनच्या काळातल्या मर्यादेचा पुरावा ठरत नाही.