टी-शर्टवर भरायचंय, मागे नेमकं काय लावू?

ए-२०४: भरतकामवाल्या काकू-ताईंना एक प्रश्न. भाचीच्या टी-शर्टवर छातीशी छोटं फूल आणि खाली तिचं नाव भरायचंय. आजवर फक्त सुती कापडावर काम केलंय, रिंग लावली की झालं. टी-शर्टला मागे स्टॅबिलायझर, म्हणजे कापड ताणू नये म्हणून आधाराचा पेपर, लागतो म्हणे. शोधायला गेले तर कट-अवे, टेअर-अवे, वॉश-अवे, फ्युजिंग, चिकट, बिनचिकट... डोकं गरगरलं. यातलं काय घेऊ?

बी-१०२ वहिनी: टेअर-अवे. माझ्याकडे मशीनसाठी आणलेला अख्खा रोल पडलाय, त्यातला हात-दोन हात घेऊन जा 😊

ए-५०३ काकू: वहिनी, थांबा जरा. टी-शर्टला टेअर-अवे नको. भरून होईपर्यंत तो कापड धरून ठेवेल, पण फाडून काढला की मागे आधार काहीच नाही. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं विणीचं कापड, ताणली जाणार, दोरा ताणला जाणार नाही. दोन धुण्यांत फुलाभोवती चुण्या दिसायला लागतील.

ए-५०३ काकू: आणि हाताच्या कामाला तर तो तसाही फारसा उपयोगाचा नाही. मशीनची सुई एकाच रेषेत इतकी जवळजवळ भोकं पाडते की पेपर त्या रेषेवर आपसूक सुटतो. हाताचे टाके विरळ असतात. पेपर सुटत नाही, ओढावा लागतो, आणि ओढताना पेपरच्या आधी टाके वर येतात. साखळी टाका असेल तर बघायलाच नको.

बी-१०२ वहिनी: अच्छा! मशीनवर कधी जाणवलं नाही हे.

बी-७०२ ताई: होजिअरीला मशीनवालेसुद्धा कट-अवेच लावतात वहिनी. तो कायमचा आत राहतो, म्हणून तर तो कामाचा.

ए-२०४: कायमचा? मग अंगाला टोचणार नाही का? भाची चार वर्षांची आहे.

ए-५०३ काकू: पातळ, मऊ घे. भरून झालं की नक्षीच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर सोडून बाकीचा कापून टाक. कोपरे ठेवू नकोस, गोल काप. टोचतात ते कोपरेच. आतल्या बाजूनं त्यावर विणीच्या कापडाचं मऊ फ्युजिंग, म्हणजे गोंद असलेलं अस्तर, मिळतं ते इस्त्रीनं चिकटव, म्हणजे गाठी आणि दोऱ्यांची टोकं अंगाला लागत नाहीत. लहान मुलांच्या कपड्यांना मी ते लावतेच.

सी-३०१: बी विंगची लिफ्ट बंद आहे का कुणाला माहीत आहे?

बी-७०२ ताई: चालू झाली मघाशीच.

बी-७०२ ताई: मी जरा वेगळं सांगते. कट-अवे वगैरे शोधत बसण्यापेक्षा सरळ विणीचं फ्युजिंगच आधी चिकटवून टाक आणि त्यावर भर. कापड एकदम सरळ होतं, हलत नाही, रिंगमध्ये बसवायलाही सोपं. माझे सगळे टी-शर्ट असेच आहेत.

ए-५०३ काकू: ताई, तुमची नक्षी रेषेची असते, उलटी टीप नि धावदोरा. तिथे चालतं. भरीव काम असेल तर त्या गोंदातून सुई ढकलून बोटं दुखतात आणि दोरा घासून पिसारतो. ही फुलाच्या पाकळ्या सॅटिन टाक्यानं भरणार असेल तर मला ते पटत नाही.

बी-७०२ ताई: सुई एक नंबर जाड घेतली की होतं काकू. भोक मोठं पडतं, दोरा घासत नाही.

ए-५०३ काकू: ते खरं. पण मऊ होजिअरीत मोठं भोक पाडायलाही जीव होत नाही 😄

ए-२०४: फ्युजिंग लावायचंच झालं तर इस्त्री कशी करायची? माझं मागे एकदा कुर्त्याच्या गळ्याला फुगे आल्यासारखं झालं होतं.

बी-७०२ ताई: फुगे येण्याची दोन कारणं. एक म्हणजे कापड आधी धुतलेलं नसतं. नंतर ते आटतं, फ्युजिंग आटत नाही. दुसरं, आपण इस्त्री फिरवतो. फ्युजिंगवर इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची. दाबून दहा-पंधरा सेकंद, उचलायची, शेजारी ठेवायची. मध्ये पातळ सुती कापड घालायचं. पाकिटावर वेगळी वेळ दिली असेल तर तीच धरायची. आणि गार होईपर्यंत कापड उचलायचं नाही, गोंद गरम असताना हललं की सुटतं.

बी-१०२ वहिनी: हे शेवटचं मला नवीन आहे. मी तर लगेच उलटून बघते चिकटलं का ते 🙈

ए-२०४: बरं, आणि नावाचं काय? गडद निळा टी-शर्ट आहे. पेन्सिल दिसत नाही, कार्बनही नीट उठत नाही.

ए-५०३ काकू: त्यासाठी वॉश-अवे. पाण्यात विरघळणारा. त्यात चिकट पाठीचा जाडसर कागदासारखा मिळतो, त्यावर नाव आधी काढून घ्यायचं, मागचा कागद सोलायचा आणि टी-शर्टवर वरच्या बाजूनं चिकटवायचा. त्याच्यावरूनच भरायचं. काम झालं की पाण्यात. म्हणजे वर हा, आत कट-अवे. दोघांची कामं वेगळी. वरचा नक्षी दाखवतो, आतला कापड सांभाळतो.

ए-२०४: ओह. मला वाटत होतं यातला एकच निवडायचा असतो.

ए-५०३ काकू: तिथेच गोंधळ होतो सगळ्यांचा. वॉश-अवे धुऊन गेला की त्याचा आधारही जातो. ताणणाऱ्या कापडाला तो एकटा पुरत नाही. न ताणणाऱ्या सुतीला मात्र तो एकटा बास.

बी-७०२ ताई: पेन जपून घे हं. काही पेनांची शाई कागद विरघळताना सुटते आणि पांढऱ्या-पिवळ्या दोऱ्याला लागते. एका तुकड्यावर रेघ मार, पांढऱ्या चिंधीवर चिकटव, धुऊन बघ, मगच नाव काढ. आणि धुण्याआधी त्यावर इस्त्री अजिबात नको, डाग पक्का बसतो.

ए-५०३ काकू: सुईसुद्धा चिकट होते त्या गोंदानं. तशी झाली की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. नाहीतर प्रत्येक टाक्याला दोरा अडकतो आणि आपण दोऱ्याला नावं ठेवतो.

सी-४०१ काका: महिला मंडळाच्या चर्चेत नाक खुपसतो, माफी असावी. हा विरघळणारा पेपर पीव्हीएचा असतो, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. कपडे धुण्याच्या त्या छोट्या पुड्या असतात ना, पाण्यात टाकल्या की वरचं आवरण विरघळतं, तेही हेच. १९२४ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा बनलं. गंमत म्हणजे व्हिनाइल अल्कोहोलपासून ते बनवता येत नाही, कारण तो टिकतच नाही. आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनवायचं, म्हणजे आपल्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात असतं ते, आणि मग त्याचं हे करायचं.

बी-१०२ वहिनी: काका, तुम्ही भरतकाम कधी सुरू केलंत 😂

सी-४०१ काका: अजून नाही, पण नोकरी रसायनाच्या कारखान्यात काढली. कामाचं तेवढं सांगतो. ॲसिटेटचा थोडा अंश शिल्लक ठेवला तर हे गार पाण्यात विरघळतं. पूर्ण काढून टाकला तर गार पाणी त्याला काही करत नाही, चांगलं कढत पाणी लागतं. म्हणून पाकिटावर कोणतं पाणी लिहिलंय ते वाचायचं. जपानमध्ये १९३९ मध्ये याच पदार्थाचा धागा काढला, त्यावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करून तो पाण्यात न विरघळणारा केला. व्हिनायलॉन म्हणतात त्याला.

ए-५०३ काकू: काका, पाण्याचं बरं सांगितलंत. माझ्याकडचा गार पाण्यातही जातो, पण कोमट पाण्यात लवकर जातो. आणि लोक एकदा बुचकळून काढतात नि म्हणतात कडक झालं. कडक होतं कारण विरघळलेला गोंद दोऱ्यातच वाळतो. आधी कडेचा जादा कागद कापून टाकायचा. मग दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवायचं, पाणी बदलायचं, टाक्यांवरून बोट हलकेच फिरवायचं. बुळबुळीत लागलं की अजून आहे आत. पुन्हा पाणी. वाळल्यावर कडक वाटलं तरी घाबरू नकोस, परत भिजव, निघतं.

बी-७०२ ताई: लाल, मरून, गडद निळा दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या चिंधीनं चोळून बघायचं रंग जातो का. इतका वेळ भिजत ठेवायचं म्हणजे रंग जाणारा दोरा तिथे दगा देणारच.

सी-४०१ काका: आणि पाकीट घट्ट बंद ठेवा. हवेतला ओलावा ओढून घेतो हा पदार्थ. पावसाळ्यात चिकटतो, फार कोरड्या हवेत ठिसूळ होतो.

डी-६०४: मी पण विचारू का? माझ्याकडे रेशमी स्टोल आहे, धुवायचा नाही असं त्यावर लिहिलंय. त्यावर छोट्या वेली भरायच्यात. वॉश-अवे चालेल?

ए-५०३ काकू: धुवायचंच नाही तर वॉश-अवे कशाला? जे काढायला पाणी लागतं ते तिथे बाद. रेशमावर फ्युजिंगही मी लावणार नाही, गोंदाचे ठिपके वर दिसतात. पातळ मलमल किंवा ऑर्गंझा मागे घ्यायचा, दोन्ही कापडांचा उभा धागा एका दिशेला ठेवायचा, कडेनं आणि मधून कच्चे टाके घालायचे आणि दोन्ही मिळून रिंगमध्ये बसवायचं. भरून झालं की वेलीच्या जवळून कापायचं. मलमल आधी धुऊन आटवून घ्यायची हे विसरू नका.

डी-६०४: मलमल? म्हणजे स्टॅबिलायझर विकत घ्यायलाच नको?

ए-५०३ काकू: नाही घेतला तरी चालतं, अहो. हे पेपर मशीनमुळे घरोघरी आले. हाताच्या भरतकामात मागे साधं सुती कापड लावण्याची रीत फार जुनी आहे. जरीचं जड काम आजही घट्ट सुती किंवा तागाच्या अस्तरावर रेशीम शिवून घेऊनच करतात, कारण त्या जरीचं वजन एकट्या रेशमाला पेलत नाही. मला विचाराल तर न ताणणाऱ्या कापडाला आधी मलमल किंवा मांजरपाट लावून बघा, त्यानं भागलं नाही तर पेपर. पातळ पांढऱ्या कापडाला तर फायदाच होतो, मागून एका फुलाकडून दुसऱ्याकडे नेलेला दोरा वर दिसत नाही.

बी-१०२ वहिनी: मग माझ्या रुमालांना चुण्या पडतात त्याला पण मलमल लावू का? साधं सुती कापड आहे, ठीक जाड आहे.

ए-५०३ काकू: वहिनी, त्याला मलमल नको, हात सैल हवा. जरा फोटो टाका मागच्या बाजूचा.

बी-१०२ वहिनी: 📷 फोटो

ए-५०३ काकू: बघा, पानाच्या दोन्ही कडांना कापड आत ओढलं गेलंय आणि मागचा दोरा तारेसारखा ताठ आहे. दोरा कापडाला टेकला की थांबायचं, त्यापुढे ओढायचं नाही. रिंगही मधूनमधून सैल होते, चार-सहा टाक्यांनी बोटानं वाजवून बघायची. तुमचं सॅटिनचं पान रुंदही फार आहे. एवढा लांब टाका लोंबतो, मग तो लोंबू नये म्हणून आपण जास्तच ओढतो. मध्ये शीर काढून दोन भागांत भरा.

बी-७०२ ताई: टॉवेलचं राहिलंच. टॉवेल किंवा मखमलीवर भरताना टाके लवेत बुडतात. तिथे वॉश-अवेचा तो पारदर्शक पातळ पापुद्रा वर ठेवायचा. लव दबून राहते, टाके वर बसतात. पण रेषेची नाजूक नक्षी टॉवेलवर घेऊच नका, पापुद्रा विरघळला की लव परत वर येते आणि बारीक रेघ गिळून टाकते. भरीव अक्षरच हवं तिथे.

डी-६०४: आणि फेल्टला?

ए-५०३ काकू: काही नको. फेल्ट स्वतःच घट्ट असतं. नक्षी उठवायला वॉश-अवे वापरतात, पण लोकरीचं फेल्ट असेल तर भिजवायच्या भानगडीत पडू नका, आटतं. टिश्यू पेपरवर नक्षी काढून त्यावरून टीप घाला आणि पेपर चिमट्यानं काढून टाका.

ए-२०४: काकू, माझं अजून एक. टी-शर्ट रिंगमध्ये किती घट्ट बसवू? सुतीला मी अगदी ढोलकीसारखं ताणते.

ए-५०३ काकू: इथे तसं मुळीच नको. ताणून भरलंस तर रिंग काढल्यावर कापड परत आपल्या मापाला येणार, फूल फुगून बसणार. मी असं करते: कट-अवे एकटाच रिंगमध्ये घट्ट बसवते, त्यावर टी-शर्ट नुसता पसरते आणि नक्षीच्या बाहेरून कच्चे टाके घालते. टी-शर्टला रिंग लागतच नाही, वळही पडत नाहीत. टी-शर्टची मागची बाजू आणि बाह्या तेवढ्या गोळा करून पिनेनं बाजूला लाव, नाहीतर पुढचं मागच्याला शिवून बसशील.

ए-५०३ काकू: पसरताना जवळून बघ. होजिअरीत उभ्या बारीक वेण्या दिसतात. त्या शेवटपर्यंत सरळ असल्या तर कापड जसंच्या तसं आहे. कुठे वाकल्या किंवा एकमेकींपासून लांब गेल्या तर तिथे ताण आलाय, कच्चा टाका उसवून परत पसर. आणि कट-अवे दोन्ही दिशांना ओढून बघ. काही पेपर एका दिशेला थोडे ताणतात. टी-शर्ट आडवा जास्त ताणतो, म्हणून पेपरची न ताणणारी दिशा आडवी यायला हवी.

बी-७०२ ताई: सुई गोल टोकाची घे, होजिअरीची. टोकदार सुईनं वीण तुटते आणि धुतल्यावर भोक मोठं होतं. दोन पदरी दोरा पुरे, नावाला तर पुरेच. आणि टी-शर्ट धुतलेला आहे ना?

ए-२०४: नवा कोरा आहे, आज धुऊन टाकते. फ्युजिंग विणीचं हवं की साधं ते दुकानात कसं ओळखू?

बी-७०२ ताई: हातात धरून आडवं ओढ. थोडं ताणलं जाऊन परत आलं तर विणीचं. कागदासारखं कुरकुरलं तर ते ठेवून दे.

ए-५०३ काकू: माझ्याकडे पातळ कट-अवेचा तुकडा आहे, तुझ्या फुलाला पुरेल. मी संध्याकाळी घरीच आहे, टी-शर्ट आणि सुई घेऊन ये, कच्चे टाके इथेच घालून देते. वहिनी, तुम्ही रुमाल घेऊन या.

बी-१०२ वहिनी: येते. टेअर-अवेचा रोल कुणाला हवा असेल तर सांगा 😅

सी-४०१ काका: एक हातभर मला द्या. नातवाला पतंग करायचाय.