मदत हवी आहे: ४५ची रेकॉर्ड रडक्या आवाजात वाजते

खटपट्या_पुणे
कोलंबसहून (ओहायो) परत येताना एका घरसामानाच्या विक्रीतून सोलच्या (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं गाणं) जुन्या सिंगल्स, म्हणजे छोट्या रेकॉर्डी आणल्या, कॅपसोल या कंपनीच्या लेबलच्या. काल पहिल्यांदा लावली. गायक जड आवाजात गातोय आणि सूर सारखा डुलतोय. स्पीड ४५वरच (मिनिटाला ४५ फेऱ्या) आहे, ते सांगू नका. रविवारी मित्र ऐकायला येणार आहेत. लवकर सांगा.

तबकडीवाला
प्लेअर कुठला? पट्ट्याचा (बेल्टवर फिरणारा) की कसा? बाकीच्या रेकॉर्डी कशा वाजतात?

शुद्धनाद
धूळ असणार. रिठ्याच्या पाण्यात बुडवा, मऊ ब्रशने गोल गोल फिरवा. मी तीस वर्षं हेच करतो.

तबकडीवाला
धुळीने कडकड होते हो, सूर डुलत नाही.

शुद्धनाद
तुम्ही करून पाहिलंय का? स्पिरिटनेही छान निघते.

आजोबांचा_फोनो
स्पिरिटचं नाव काढू नका! लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर कुणी हा प्रयोग केला तर रेकॉर्ड विरघळेल.

शुद्धनाद
इथे ७८चा विषयच नाहीये.

आजोबांचा_फोनो
उद्या कुणी हा धागा वाचून लावेल त्याचं काय?

सोलकढी
कॅपसोल म्हणजे कॅपिटल सिटी सोल. बिल मॉस हा तिथल्या डब्ल्यूव्हीकेओ रेडिओचा डीजे, त्याने हे लेबल काढलं. पुढे तो कोलंबसच्या स्कूल बोर्डावरही होता. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने २००४मध्ये 'एक्सेंट्रिक सोल' ही जुन्या गाण्यांच्या संकलनांची मालिका सुरू केली ती याच लेबलपासून, क्रमांक ००१. या लेबलचा गायक मॅरियन ब्लॅक आहे का तुमच्यात? नसेल तर संकलन घ्या आणि मूळ सिंगल्स जपून ठेवा.

खटपट्या_पुणे
मॅरियन ब्लॅक आहे. पण इतिहास नंतर. प्लेअर पट्ट्याचा आहे, पट्टा नवा. बाकीच्या रेकॉर्डी तिकडेच दिल्या.

तबकडीवाला
अमेरिकन सिंगलला मधलं भोक दीड इंची असतं. आपल्या एचएमव्हीच्या सात इंचींना छोटंच. तुम्ही मध्ये काय बसवलंत?

खटपट्या_पुणे
पुठ्ठा. औषधाच्या खोक्याचा, कात्रीने कापला. अंदाजे मधोमध आहे.

तबकडीवाला
अंदाजे!! :) आता असं करा. रेकॉर्ड लावा आणि टोनआर्मकडे (सुईच्या दांड्याकडे) बघा. दर फेरीला आत-बाहेर झुलतो का? आणि मिनिटभरात किती वेळा झुलतो ते मोजा.

वामकुक्षी
मोबाइलवर ऐका की. नसता खटाटोप.

शुद्धनाद
+१, पण आधी धुवा.

खटपट्या_पुणे
झुलतो. सुई खोबणीत राहते पण आर्म पाळण्यासारखा जातो-येतो. दोनदा मोजलं. एकदा ३७, एकदा ३८.

तबकडीवाला
४५ यायला हवे होते. प्लेअर इथे घेतला की तिकडून आणला?

खटपट्या_पुणे
तिकडून. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तो प्रश्नच नाही.

तबकडीवाला
अहो, तोच तर प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. जुन्या प्लेअरची सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. तिकडे ६०, इथे ५०. ४५ गुणिले ५० भागिले ६० म्हणजे ३७.५. तुमच्या मोजणीत बरोब्बर आलं. डुलणं पुठ्ठ्यामुळे, जडपणा हर्ट्झमुळे. दोन वेगळे आजार आहेत.

पेटीवाली
म्हणजे पेटीच्या साधारण तीन पट्ट्या खाली. काळी चारवाला पांढरी चारवर येणार. बिचारा.

खटपट्या_पुणे
वडिलांची भीमसेनांची एलपी लावून बघितली. पंडितजीसुद्धा खाली उतरलेत, बाबा खोलीतून ओरडले 'हे काय लावलंयस!' आता उपाय?

तबकडीवाला
भोकासाठी प्लास्टिकचा अडॅप्टर घ्या, पुठ्ठा फेका. मोटरची पुली (पट्टा फिरवणारी छोटी चकती) काढून लेथवाल्याकडे न्या. तिच्यावरच्या ३३ आणि ४५च्या दोन्ही पायऱ्यांचा व्यास १.२ पट करून घ्यायचा. समजा ३३ची पायरी १० मिमी असेल तर १२. मधलं भोक तिरकं पाडू देऊ नका, नाहीतर पुन्हा डुलेल.

आजोबांचा_फोनो
त्यापेक्षा डीसी मोटरचा प्लेअर घ्या. नाहीतर हाताने चावी द्यायचा, हर्ट्झची भानगडच नाही.

खटपट्या_पुणे
पुली निघाली. रविवारपर्यंत होणार नाही असं लेथवाला म्हणतोय. तोपर्यंत काही?

सोलकढी
मोबाइलवर न्यूमेरोचं संकलन लावा. :)

वामकुक्षी
मी काय म्हणत होतो?

जुनंते_सोनं
सिंगल्स विकायच्या आहेत का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.