मदत हवी आहे: इंजिन बदललेल्या जुन्या फार्गोला रेडिएटर फॅनचं श्राउड कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६६ चा फार्गो ट्रक आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेला. आजोबांनी घेतला, वडिलांनी चालवला. नाशिककडची भाजी भरून रातोरात कसारा घाट उतरायचा आणि पहाटे भायखळ्याच्या बाजारात लावायचा. पुढे भाजीचा घाऊक बाजार वाशीला गेला, धंदा सुटला आणि ट्रक मुलुंडला एका शेडखाली उभा राहिला. विकायचा विषय घरात कधीच निघाला नाही. गेली ३ वर्षं मी आणि वडील मिळून तो पुन्हा उभा करतोय. केबिन, ब्रेक, वायरिंग झालं. आता गाडी अडलीय ती फक्त एका पत्र्याच्या खोक्यावर, म्हणजे श्राउडवर. रेडिएटर आणि फॅन यांच्यामधलं हे आवरण, फॅनने सगळ्या जाळीतून हवा ओढावी म्हणून असतं.

मूळ इंजिन पर्किन्स पी-६ होतं. ब्लॉकलाच तडा गेलेला, तोही अशा जागी की डाग देऊन भागण्यासारखं नव्हतं. दुसरं पी-६ वर्षभर शोधलं. मिळाली ती आमच्याहून वाईट अवस्थेतली. शेवटी टाटाचं ६९७ बसवलं. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून ६९७. पी-६ हे ४.७ लिटरचं, हे ५.६७ लिटरचं. आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंदही केली. इंजिन बदललं की व्हिंटेजचा व्हीए नंबर मिळत नाही हे माहीत आहे, त्यावर कृपया इथे चर्चा नको.

रेडिएटर मूळचाच ठेवलाय, तांब्या-पितळेचा. वरची टाकी उघडून नळ्यांत सळया घालून साफ करून घेतला, गळती नाही. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवी, थर्मोस्टॅट नवा, पट्टा नवा. तरीही त्रास असा: पूर्व द्रुतगती मार्गावर ५० च्या वेगाने गाडी चालू असली की तापमानाचा काटा ८२-८५ ला शांत बसतो. सायनला सिग्नलपाशी १० मिनिटं अडकलो की तोच काटा चढत चढत १०० च्या पुढे जातो. पुन्हा गाडी पळाली की खाली येतो. यावरून मला वाटतं पाण्याचा प्रवाह ठीक आहे, थांबलेल्या गाडीत हवाच पुरत नाहीये. रेडिएटरची जाळी चोंदलेली असती तर वेगात आणि लोडवर काटा चढला असता.

खात्री करायला वर्तमानपत्राचं मोठं पान जाळीवर समोरून धरून पाहिलं. मधोमध पान घट्ट चिकटलं, पण चारही कोपरे आणि वरची चार बोटं रुंद पट्टी सैल फडफडत राहिली. फॅन तिथली हवा ओढतच नाही. जुन्या पी-६ ला मापाचं श्राउड होतं, पण नव्या फॅनशी त्याचं वर्तुळ जुळत नाही.

मापं सांगतो, कारण खरा पेच तिथेच आहे. जाळी ६०० मिमी रुंद, ५६० मिमी उंच. नव्या फॅनचा व्यास ४९० मिमी, पात्याची खोली (कडेने मोजलेली) ६० मिमी. पात्याची पुढची कड आणि जाळी यांच्यात ३८ मिमी अंतर. ओळंबा सोडून आणि गुण्या लावून तीनदा मोजलं: फॅनचा मध्य जाळीच्या मध्यापेक्षा ४५ मिमी खाली आणि २० मिमी ड्रायव्हर साइडला आहे. म्हणजे वर ८० मिमी जाळी फॅनच्या कवेत येत नाही, आणि खाली पात्यांची टोकं जाळी संपून १० मिमी खालच्या टाकीसमोर जातात. पात्याभोवती २० मिमी मोकळी जागा धरून श्राउडला ५३० मिमी व्यासाचं गोल तोंड ठेवलं, तर ते टाकीवर ३० मिमी चढतं. इंजिन वर घेता येत नाही, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडेल. रेडिएटर खाली घ्यावा तर क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) आडवा येतो.

एकदा चूक करून झाली आहे, तीही सांगतो. एका गॅरेजवाल्याकडून २० गेजच्या पत्र्याचं श्राउड करून घेतलं. ‘जितकं चिकटून तितकी ओढ जास्त’ असं म्हणत त्याने चारही बाजूंनी जेमतेम ६ मिमी जागा ठेवली. इंजिन बंद असताना फॅन हाताने फिरवला, कुठेही लागला नाही. मी पण समाधानी. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि खाडकन आवाज. ड्रायव्हर साइडला पातं पत्र्याला घासून वाकलं, पत्रा फाटून वरच्या होज पाइपपासून बोटभर अंतरावर आला. वडील शेजारी उभे होते. त्या दिवसापासून ते बॉनेट उघडं असताना मला इंजिन चालू करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. फॅन नवा घेतला, कारण वाकलेलं पातं सरळ केलं तरी तोल जातो आणि वॉटर बॉडीचं बेअरिंग खातं.

तेव्हा नीट लक्षात आलं की फॅन इंजिनवर आहे आणि श्राउड रेडिएटरवर. इंजिन रबरी फाउंडेशनवर (ज्या रबरी बैठकांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) डोलतं, रेडिएटर डोलत नाही.

आता मला हे विचारायचंय. असं मध्यापासून सरकलेलं तोंड ठेवलं तर वरच्या कोपऱ्यांतून हवा खरंच ओढली जाईल, की श्राउड खोल करावं लागेल? खोक्याच्या श्राउडमध्ये पात्याची दोन तृतीयांश खोली आत आणि एक तृतीयांश बाहेर हवी, हे धरून माझा हिशोब ३८ अधिक ४० म्हणजे ७८ मिमी येतो. बरोबर आहे का? आणि खालच्या टाकीवर चढणाऱ्या ३० मिमीचं काय करावं? विजेचे फॅन लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला पट्ट्यावर फिरणारा फॅनच हवाय. या इंजिनाला तो पुरतो हे इतकी वर्षं रस्त्यावर दिसलंय, आणि वडिलांना बॉनेटखाली त्यांच्या ओळखीचं काहीतरी दिसावं असंही वाटतं.

घाई आहे थोडी. वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना दिवाळीआधी एकदा स्वतः स्टिअरिंग धरून कसारा चढायचाय, वर घाटनदेवीला नारळ फोडायचाय, आजोबा फोडायचे तसा. ऑक्टोबरचं ऊन, खालचा गिअर, समोरून येणारी हवा नावालाच. तिथे सगळा भार फॅनवर येणार.

प्रतिसाद १

दादा, कळंबोलीला ३० वर्षं ट्रकचं काम केलंय, म्हणून आधी एक विचारतो. फाउंडेशनची रबरं बघितलीत का? ६९७ ओढ घेतं तेव्हा क्लीनर साइड (डावी बाजू) उचलते आणि ड्रायव्हर साइड दबते. म्हणूनच पातं ड्रायव्हर साइडला लागलं. रबर चांगलं असेल तर इंजिनाला इतका झोल (हेलकावा) येत नाही. श्राउडला हात लावण्याआधी क्लीनर साइडचं रबर पहारीने उचलून बघा, चीर दिसेल.

तोंड मधोमध नसलं तरी चालतं. जाळीचा प्रत्येक कोपरा खोक्याखाली आला पाहिजे आणि खोक्याची कड जाळीला चोख बसली पाहिजे. कडेला बोटभर फट राहिली तर फॅन जाळीतून ओढायचं सोडून तिथूनच हवा घेतो. ७८ चा हिशोब बरोबर. फक्त वरच्या भागात पत्रा जाळीला समांतर सपाट ठेवू नका, फॅनकडे उतरता घ्या, हवेला वाट मिळते. पत्रा १८ गेज घ्या, २० गेज थरथरून तडकतो.

प्रतिसाद २

झोल किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. पुठ्ठ्याचं तोंड कापून रेडिएटरवर बांधा आणि आतल्या कडेला गणपतीची उरलेली शाडू माती गोळ्यागोळ्यांनी लावा. बॉनेट बंद करा, कोणी समोर उभं राहू नका. गाडी मोकळ्या जागेत दोन-चारदा पहिल्या गिअरला उचला, रिव्हर्सलाही घ्या, मग इंजिन बंद करून बघा. पात्याने माती कुठे किती तासलीय त्यावरून खरं अंतर कळतं. त्यावर किमान ४ सूत (अर्धा इंच) शिल्लक ठेवा.

टाकीवर झाळकाम करू नका, श्राउडचं वजनही टाकीवर टाकू नका. पुढे तडा तिथेच जाणार. वजन बाजूच्या चॅनेलवर घ्या आणि टाकीसमोर नुसती रबराची पट्टी टेकवा. श्राउड दोन तुकड्यांत करा, नाहीतर पट्टा बदलायला रेडिएटर उतरवावा लागेल.

प्रतिसाद ३

मोठ्या बस-ट्रकच्या इंजिनांवर एक वेगळी पद्धत असते, ती इथे बसेल असं वाटतं. फॅनभोवतीची गोल रिंग रेडिएटरवर नसून इंजिनवर बसवलेली असते. खोका रेडिएटरवर, रिंग इंजिनवर आणि दोघांच्या मध्ये लवचीक रबरी झालर. इंजिन डोललं की रिंग फॅनसोबतच डोलते, त्यामुळे पात्याभोवती ७-८ मिमी जागा पुरते. झालरीसाठी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर चालेल, पण तेलाने ते फुगतं, दर वर्षी बदलावं लागेल. शक्य असेल तर तेल सोसणारं शीट घ्या.

धागाकर्ता

काका, तुमचे पाय धरायला हवेत. क्लीनर साइडचं रबर पहारीने उचललं तर निम्म्याहून जास्त फाटलेलं, वरून काहीच दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंची बदलली. त्याआधी आणि त्यानंतर, दोन्ही वेळा शाडूची चाचणी केली. आधी ड्रायव्हर साइडला माती ११ मिमी तासली गेली होती, रबरं बदलल्यावर ५ मिमी. वडील मागे उभे राहून प्रत्येक वेळी ‘आता क्लच सावकाश’ म्हणत होते, आणि मीही सावकाशच सोडला.

इंजिनवरच्या रिंगचा विचार पक्का केलाय. ७ मिमी जागा ठेवली तर रिंगचा व्यास ५०४ येतो, म्हणजे खालच्या टाकीवर ३० ऐवजी १७ मिमीच चढते. तेवढं झालरीने झाकता येईल. पुठ्ठ्याचा साचा तयार आहे, वरचा भाग उतरता घेतलाय. साचा बांधून पुन्हा वर्तमानपत्र लावलं, या वेळी वरचे दोन्ही कोपरे चिकटले. खालचा क्लीनर साइडचा कोपरा अजून सैल आहे, तिथे पुठ्ठा नीट टेकत नाही.

आता एकच अडचण. रिंग इंजिनवर धरायला ब्रॅकेट कुठून घेऊ? टायमिंग कव्हरचे (इंजिनाच्या पुढच्या झाकणाचे) बोल्ट जवळ पडतात, पण त्यांवर ताण आला तर तेल गळायला लागेल अशी भीती वाटते. दुसरी जागा म्हणजे पुढच्या फाउंडेशनचे बोल्ट, इंजिनाच्या बाजूचे. तिथून रिंगपर्यंत पट्टी बरीच लांब होते, मग थरथर आणि तडा. ज्यांनी अशी रिंग प्रत्यक्ष बसवलीय त्यांनी ब्रॅकेट किती जाडीचं आणि किती ठिकाणी घेतलं, ते सांगाल का? शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर पत्रा आणि पट्टी घ्यायला जाणार आहे, त्याआधी कळलं तर एकाच फेरीत काम होईल.